दाखला लागत नाही

आमच्या दुकानात येणारा माणूस कॉम्प्युटर टेबलावर ठेवतो, वायर हातावर गुंडाळत उभा राहतो आणि म्हणतो, "ताई, विंडो मारून द्या."

भिंतीला चुना मारतात, कपाशीवर फवारा मारतात, तशी आमच्याकडे विंडो मारतात, म्हणजे विंडोज बसवतात. तीन वर्षांत हे वाक्य मी रोज ऐकलं आहे. आणि जवळपास प्रत्येक वेळी हळू आवाजात विचारलं आहे, "दुसरं टाकून पाहू का? लिनक्स?" पुढचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग आत बसलेल्या बंडूभाऊंकडे. दुकान त्यांचं आहे. त्या बघण्याचा अर्थ मला पाठ झाला आहे: या पोरीला विंडो मारता येत नाही वाटतं.

अनुभव लिहा असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. असे लेख निवृत्त झालेली माणसं लिहितात. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी वर्ध्याला कॉलेज, दुपारनंतर देवळीला दुकान, संध्याकाळच्या गाडीने गावाला घरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, त्यामुळे लिहिलेलं कोणाला दाखवून घ्यावं तर तेही जमत नाही. पण या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयात जे झालं, ते लोक आपापल्या सोयीने सांगत फिरत आहेत. म्हणून मी माझ्या बाजूने लिहून ठेवते. चुकलं तर सांगा.

माझं नाव प्रणाली. शाळेच्या पुस्तकात 'ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली' असं वाक्य आलं तेव्हा अख्खा वर्ग मागे वळून हसला होता. त्या हसण्यामुळेच बहुतेक ती व्याख्या लक्षात राहिली.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना बसस्टँडवरून सांगते. मशीन स्वतः मुकं असतं. तुम्ही कळ दाबली, ते अक्षर पडद्यावर जायचं की प्रिंटरकडे, गाणं चालू असताना फाइल उघडायची की थांबायचं, हे कोणीतरी ठरवावं लागतं. स्टँडवर जाळीच्या खोलीत कंट्रोलर बसतो, तसं. गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच, प्रवासी तेच. पण कंट्रोलर एक दिवस आला नाही तर वर्ध्याची गाडी पुलगावच्या जागेवर लागते आणि सगळेच भांडत बसतात. कॉम्प्युटरमधल्या त्या जाळीच्या खोलीला कर्नल म्हणतात, म्हणजे गाभा. त्याच्या भोवतीची चित्रं, बटणं, फोल्डर हे सगळं मिळून कार्यप्रणाली होते. लिनक्स हे खरं तर नुसत्या गाभ्याचं नाव. तो गाभा घेऊन जगभरच्या लोकांनी आपापले वाण काढले आहेत. कपाशीचे असतात तसेच. एखादा भारी जमिनीत येतो, एखादा हलक्या जमिनीतही तग धरतो. जुन्या, दमलेल्या मशीनला हलका वाण टाकायचा, एवढं कळलं की आमच्या कामातलं अर्धं कळलं.

मला मात्र हे उशिरा कळलं, आणि त्याचं कारण सांगायला अजून संकोच वाटतो.

पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या तासाला सर म्हणाले, "ज्यांना कुठे मशीन मिळत असेल त्यांनी ओपन सोर्स टाकून सराव करा." मी वहीत लिहून घेतलं आणि त्यावर लाल पेनाने काट मारली. म्हणजे, हे आपल्यासाठी नाही.

हसू नका. 'ओपन' हा शब्द आपल्याकडे कुठे कुठे लिहिलेला असतो ते आठवून बघा. प्रवेशाच्या यादीत, भरतीच्या जाहिरातीत, फीच्या तक्त्यात. आम्ही बौद्ध. ओपन हा रकाना आपला नाही, आपला त्याच्या खालचा, हे मला अक्षरओळखीबरोबरच कळलेलं होतं. आणि सोर्स म्हणजे वशिला. 'त्याचा सोर्स होता म्हणून लागला', असं तर सगळेच बोलतात. जे मिळवायला आधी ओपन असावं लागतं आणि वरून सोर्सही लागतो, ते माझ्यापर्यंत कशाला येईल? दोन महिने मी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. शेवटी एकदा दुकानात भीत भीत विचारलं.

"भाऊ, ओपन सोर्सले कोन्ता फॉर्म भरा लागते?"

बंडूभाऊ एका कॅबिनेटचा स्क्रू आवळत होते. "कायचा फॉर्म?"

"म्हंजे, आमच्या कॅटेगरीले सूट गिट हाय का त्यात?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि पोट धरून हसले. मग माझं तोंड पाहून एकदम थांबले.

"बाई, मीबी ओपन नाई," ते म्हणाले. "ओबीसी हावो मी. अन् या दुकानातल्या चार मशीनवर तेच टाकून ठेवलं हाय. अजून कोणी दाखला नाई मांगतला."

मग त्यांनी मला बसवून सांगितलं की इथे ओपन म्हणजे उघडं. आतलं बघता येतं असं. आणि सोर्स म्हणजे मूळ मजकूर, ज्या ओळींपासून हे सगळं तयार होतं त्या ओळी. कुठल्याही प्रणालीच्या आत माणसांनी लिहिलेल्या लाखो ओळी असतात. बहुतेक कंपन्या त्या झाकून ठेवतात, आपल्याला फक्त शिवून तयार झालेली वस्तू देतात. लिनक्सच्या ओळी ज्याला पाहिजे त्याने वाचाव्यात, बदलाव्यात, दुसऱ्याला द्याव्यात. गाभ्याच्या परवान्यात अट एक आहे: बदलून पुढे दिलं तर तेही उघडंच द्यायचं. मध्येच कोणी कुलूप लावायचं नाही. ही अट वाचली तेव्हा मी ती तीनदा वाचली. कायद्याच्या भाषेत कोणीतरी असं लिहून ठेवू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई ब्लाउज शिवते. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे माया सोडली हाय आत."

ज्यांना शिवणातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्लाउज शिवताना टाक्यांच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं की टाके उसवून ब्लाउज सैल करता येतो. रेडिमेड कपड्यात माया नसते. टाक्याच्या अगदी कडेला कापड कापलेलं असतं. एक दिवस तो होत नाही आणि फेकावा लागतो. "बजारातल्यात नाई सोडत," आई म्हणाली. "त्याईले वाटते, बाई जाड झाली का नवा घेईन." त्यानंतर मी अनेक पुस्तकांत ओपन सोर्सची व्याख्या वाचली. आईच्या व्याख्येत भर घालावी असं फारसं सापडलं नाही.

पण माया असली तरी कात्री चालवणाऱ्याचा हात चुकला तर काय होतं, तेही लिहायला हवं.

वामनराव म्हणून एक गृहस्थ आहेत, भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी लॅपटॉप आणला आणि सांगितलं की विंडो असू द्या, बाजूला तुमचं ते दुसरंही टाका. असं करता येतं. आतली डिस्क म्हणजे वावर समजा. मध्ये धुरा, म्हणजे बांध, घालून दोन भाग करायचे, एकात जुनं पीक राहू द्यायचं, दुसऱ्यात नवं पेरायचं. बसवताना पडद्यावर तसं विचारतात: शेजारी बसवायचं, की सगळं पुसून बसवायचं? मी तेव्हा सहा महिन्यांची शिकाऊ होते आणि मला सगळं येतं असं वाटत होतं. मी न वाचता दुसरं दाबलं. धुऱ्यासकट अख्खं वावर नांगरून निघालं.

त्यात त्यांच्या वारलेल्या भावाने गायलेले अभंग होते. बंडूभाऊंनी दोन दिवस खटपट केली. थोडे परत आले, तेही मध्येच तुटलेले. वामनराव दुकानातल्या स्टुलावर बसून ते तुकडे ऐकत होते आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

"मानूस पह्यलेच गेलता," ते म्हणाले. "आता आवाज गेला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शिकून राह्यली ना तू? मंग शीक. पण हात लावायच्या आंधी इचारत जाजो, आत काय हाय म्हणून."

तेव्हापासून मी विचारते. कागदावर लिहून घेते, सही घेते, मगच पेनड्राइव्ह लावते. वामनराव अजूनही दुकानात येतात, माझी चौकशी करतात. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आता वाचनालयाचं.

गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ कॉम्प्युटर होते. एका कार्यालयाने नवे घेतले तेव्हा जुने वाचनालयाला दिले. दोन वर्षं ते प्लास्टिकखाली पडून होते, कारण त्यांच्यावर नवीन विंडो चालत नव्हती. सचिव म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मला पाचवीत त्यांनीच शिकवलं. त्यांना ती खोली मोकळी हवी होती. भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. वार्षिक सभेत ठराव व्हायचा आणि टेम्पो लागायचा, एवढंच बाकी होतं.

मी खिशात पेनड्राइव्ह घेऊन गेले. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू करून बघता येतं, आत काहीच न उतरवता. साडी घेण्याआधी अंगावर धरून बघतात तसं. सर चष्मा पुसत बघत होते. मशीन सुरू झालं, मराठी अक्षरं उमटली.

"फुकटचं हाय ना हे?" सर म्हणाले. "फुकटचं टिकत नाई."

"फुकटचं नाई सर, उघडं हाय."

"एकच झालं." त्यांनी चष्मा चढवला. "सभेले दीड महिना हाय. त्या दिवशी मले या खुर्च्याईवर मानसं दिसली पाह्यजे. रिकाम्या दिसल्या तं मी भंगारवाल्याले फोन लावीन. मंग माह्याकडे तोंड पाडून येजो नोको."

चार रविवार गेले. सात मशीन नीट झाली, आठव्याला बंडूभाऊंनी दुकानातला जुना रॅम दिला. मी बाहेरच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ओपन सोर्स संगणक कक्ष. रोज सायंकाळी'. आणि वाट बघत बसले.

कोणी आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. मुख्य गल्लीतला राकेश एकदा डोकावला, गेम आहेत का विचारून गेला. आमच्या मोहल्ल्यातल्या मुली फळ्यापर्यंत येत, वाचत आणि परत फिरत. मी आठ चालू पडद्यांसमोर एकटी बसायचे. सर दारातून जाताना म्हणत, "काय प्रणालीबाई, फुल्ल चालू हाय ना क्लास?"

आठवड्याने मी घरी आईसमोर रडवेली झाले. "कोणी येऊनच नाई राह्यलं."

आईच्या दातांत सुई होती. ती काढून म्हणाली, "कसे येतीन? तूच तं मनाई लिहून ठेवली."

"म्या कुठं मनाई लिह्यली?"

"ओपन लिह्यलं ना. सानिका वाचून आली अन् मले म्हणे, काकू, ताईनं ओपनवाल्याईसाठी क्लास काढला. अन् वरून सोर्सबी लागते म्हणे."

सानिका आमच्या शेजारची, बारावीला आहे.

"अन् ओपनवाले?" मी विचारलं. "ते काऊन नाई येत?"

"त्याईचे पोट्टे वर्ध्याले कोचिंगले जाते. ते काऊन येतीन?"

मी जेवले नाही. मला शेजारच्या मुलींचा राग येत नव्हता. जी काट मी स्वतः लाल पेनाने मारली होती तीच मी पांढऱ्या खडूने गावासमोर मारून ठेवली होती. दोन वर्षांत मी इतकी शिकले होते की मला तो शब्द कसा वाचला जातो हेच आठवलं नाही. वामनरावांचे अभंग पुसल्यानंतर माझी ही दुसरी मोठी चूक.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग खोड तो शब्द. 'मोफत' लिही. धावत येतीन."

सरांना मी नेहमी होकाराची मान हलवते. त्या दिवशी हलवली नाही. मोफत म्हणजे कोणीतरी वर उभा राहून खाली टाकतो ते. आमच्या वाट्याला मोफत पुष्कळ आलं आहे. मोफत पुस्तकं, मोफत गणवेश, आणि ते घेताना वर्गात उभं राहणं. मला आयुष्यात पहिल्यांदा अशी वस्तू मिळाली होती जी घेताना उभं राहावं लागत नाही. आणि तिचं नाव ओपन होतं. तो शब्द मी का खोडायचा? तो रकाना इतकी वर्षं दुसऱ्यांचा होता म्हणून?

मी फळ्याकडे गेले आणि त्या शब्दाखाली लिहिलं: 'ओपन म्हणजे सगळ्यांसाठी. जातीचा दाखला लागत नाही.'

दुसऱ्या दिवशी सानिका दोन मैत्रिणींना घेऊन आली. दारात चप्पल काढताना म्हणाली, "खरंच नाई ना लागत?" मग बचत गटाच्या मंदाताई आल्या, त्यांना गटाचे अर्ज स्वतः टाइप करायचे होते. पोलीस भरतीची तयारी करणारी दोन पोरं आली. आठव्या दिवशी एकच खुर्ची रिकामी उरली. राकेश पुन्हा आला, दारातच उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय वो प्रणाली, आता ओपनमदीबी तुम्हीच का?"

खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला. मी म्हटलं, "हाव. तुह्यासाठी एक जागा ठेवली हाय. येतं का?"

मंदाताई फसकन हसल्या. राकेश थोडा वेळ चौकटीला टेकून उभा होता, मग आला आणि बसला. त्यानंतर तो रोज येऊ लागला. मी त्याला चांगला मुलगा वगैरे म्हणणार नाही, पण टाइपिंग त्याचं सगळ्यांत जलद आहे.

मी प्रत्येकाला वेगळं खातं उघडून दिलं. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो. ती कोणी वाचायची, कोणी बदलायची, कोणी चालवायची, हे तीन हक्क मालकाला वेगळे, त्याच्या गटाला वेगळे आणि इतरांना वेगळे देता येतात. दुसऱ्याच्या फाइलला हात लावायला गेलं तर मशीन सरळ सांगतं, परवानगी नाही. मंदाताईंना हे फार आवडलं. "म्हंजे माह्यं लिह्यलेलं सरपंचबी नाई पुसू शकत?" मी म्हटलं, या मशीनवर तरी नाही. फक्त एक खातं असं असतं ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या असतात. त्याला रूट म्हणतात. तो सगळं बघू शकतो, सगळं पुसू शकतो, आणि म्हणूनच रोजच्या कामाला ते खातं वापरायचं नसतं. आमच्या खोलीत रूटचा पासवर्ड माझ्याकडे होता.

सभेच्या दोन दिवस आधी सर आले. खुर्च्या भरलेल्या बघून त्यांना बरं वाटलं होतं, ते मला दिसत होतं. मला बाहेर बोलावून म्हणाले, "काम चांगलं केलं तू. फक्त खालची ओळ पुसून टाक."

"काऊन सर?"

"सभेले गावातले सारे येतीन. वाचनालयाच्या फळ्यावर जात कायले पाह्यजे? कोणी एकानं बोट ठेवलं का ठराव पडला. मंग तुह्ये आठही मशीन टेम्पोत. तुले मशीन पाह्यजे का ओळ?"

मी इथे खोटं लिहिणार नाही. मी ओल्या फडक्याने ती ओळ पुसली. मला मशीन हवी होती. आणि पाचवीपासून ज्यांच्यासमोर हात पुढे करून छडी खाल्ली त्यांना नाही म्हणायची सवय नव्हती.

फडकं पिळत होते तेव्हा सानिका आली. ओल्या फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "आता लागते का मंग?"

ती आत गेली आणि आपल्या मशीनवर बसली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सगळे जण जरा जास्तच शांत होते. मला वाटलं, माझ्यावर रागावले आहेत.

सभेच्या दिवशी मी दुकानातून येईपर्यंत उशीर झाला. अध्यक्ष, सर आणि बाकीचे सदस्य मागच्या खोलीकडे निघालेच होते. मी त्यांच्या मागून आत शिरले. आठही खुर्च्या भरलेल्या, शेवटच्या खुर्चीवर तर दोघी. कोणी टाइप करत नव्हतं. सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि आठ पडद्यांवर मोठ्या अक्षरात मजकूर होता.

पहिल्यावर माझीच ओळ होती, जशीच्या तशी. सानिकाच्या पडद्यावर: 'जातीचा दाखला लागत नाही. उत्पन्नाचाही नाही. रहिवासीही नाही.' मंदाताईंच्या: 'वय लागत नाही.' भरतीच्या पोराने लिहिलं होतं: 'उंची, छाती लागत नाही.' राकेशच्या पडद्यावर एवढंच: 'सोर्स लागत नाही.' शेवटच्या दोघींनी लिहिलं होतं: 'काही लागत नाही. चपला मात्र बाहेर काढा.'

उघडा मजकूर घ्यायचा, आपल्या मापाने बदलायचा आणि पुढे द्यायचा, हे मी त्यांना रोज शिकवत होते. त्यांनी शिकून घेतलं होतं.

अध्यक्ष एकेक पडदा वाचत पुढे गेले. 'उंची, छाती'पाशी त्यांना हसू आलं, आणि शेवटच्या पडद्यापाशी त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. एक सदस्य मागे पुटपुटले, "वाचनालयात हे काय चालू हाय?" सरांचा चेहरा पडला होता. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"पुसतो म्हणाली होती ना तू?"

"फळा पुसला सर."

"अन् हे?"

"हे त्याईचं हाय. ज्याच्या त्याच्या खात्यात."

"तुले नाई का पुसता येत?"

इथे एक सोपी वाट होती. नाही येत, परवानगी नाही, असं म्हटलं असतं तर सरांना काही कळलं नसतं आणि माझीही सुटका झाली असती. सगळी खोली ऐकत होती.

"येते," मी म्हटलं. "रूट माह्याजवळ हाय. आठही एका मिनिटात पुसता येते."

"मंग पुस."

"नाई पुसत, सर."

मी ओरडून बोलले नाही. पण परत विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं, आणि हे सरांना कळलं असावं, कारण त्यांनी परत विचारलं नाही.

सभेत बराच वाद झाला. एकाने फळ्याबद्दल विचारलं, एकाने टेम्पोबद्दल. एका सदस्याने खोलीच्या लाइटबिलाचं काढलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले की खुर्च्या भरलेल्या आहेत, तर मशीन पुढच्या सभेपर्यंत राहू द्या. ठरावात एवढंच आहे. कौतुक नाही, आभार नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाच विषय निघणार हे मला माहीत आहे. गावात कोणी म्हणतं मी सरांचा अपमान केला, कोणी म्हणतं पोरांना फूस लावली. फूस मी लावली नाही, ते त्यांनी आपल्या मनाने केलं. सरांचा अपमान झाला असेल तर त्याचं मला वाईट वाटतं. नाही म्हटलं, त्याचं वाटत नाही.

सर आठ दिवस बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी कक्षाच्या दारात उभे राहिले, फळ्यावरच्या पुसलेल्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "लिहायचंच असन तं सरळ लिही. पाचवीपासून तुह्या ओळी वर चढते."

मी पट्टी घेऊन सगळं नव्याने लिहिलं. या वेळी खडू नाही, ऑइलपेंट. 'ओपन सोर्स संगणक कक्ष. ओपन म्हणजे सगळ्यांसाठी. जातीचा दाखला लागत नाही.' ओपन हा शब्द जरा मोठा काढला. खाली चार बोटं जागा रिकामी ठेवली.

आई बघायला आली होती. तिला वाचता येतं, पण ती आधी शिवण बघावी तशा कडा बघते. रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हे काऊन सोडलं?"

मी म्हटलं, "माया."